झील धरणाऱ्यांची शाळा

पोवाडा ऐकताना आपलं लक्ष शाहिराकडे असतं. डफ त्याच्या हातात, फेटा त्याच्या डोक्यावर, पत्रिकेवर नावही त्याचंच. त्याच्या मागे दोघं-तिघं उभे असतात. कडव्याची शेवटची ओळ झेलायची, 'जी जी रं जी' करत ती वर चढवायची आणि तेवढ्यात शाहिराला दम घेऊ द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांना झीलकरी म्हणतात. शाहीर शब्द विसरला तर झीलकरी ओळ लांबवतो. शाहिराचा आवाज बसला तर पट्टी तो सांभाळतो. समोरून कुणी टवाळी केली तर पहिलं उत्तर पुष्कळदा मागूनच येतं.

मी पंचवीस वर्षं मराठी साहित्य शिकवलं. त्यात शाहिरीवर निदान दहा-बारा व्याख्यानं दिली असतील. एकाही व्याख्यानात मी झीलकऱ्याविषयी बोलले नाही. शाहिराची प्रतिभा, त्याची भाषा, त्याची राजकीय जाण, वृत्तांची मोडतोड एवढं सगळं सांगून तास संपायचा. हा लेख त्या राहून गेलेल्या तासाची भरपाई समजावा.

चळवळीचं काम माणसं शिकली कुठे, या प्रश्नाचं उत्तर आपण अभ्यासवर्गात, शिबिरात, पुस्तिकांत शोधतो. सभेत उभं राहून बोलणं, विरोधकाचा मुद्दा ओळखणं, वर्गणीचा हिशेब ठेवणं, आयत्या वेळी बेत बदलणं, दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही आणि पडूही द्यायचं नाही, ही सगळी कौशल्यं आहेत. ती कुणाच्या अंगात उपजत नसतात. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या बाबतीत तरी ती जलशाच्या, कलापथकाच्या, पथनाट्याच्या तालमीत शिकली गेली, असं माझं म्हणणं आहे. आणि दिवसभर राबून आलेली माणसं रात्री तालमीला येत राहिली, कारण तिथे मजा यायची.

आमच्या समीक्षेला ही मजा नेहमीच अडचणीची वाटली. एका बाजूने 'प्रचारकी' असा शिक्का मारून हे सगळं साहित्याच्या दाराबाहेर बसवलं गेलं. दुसऱ्या बाजूने, म्हणजे बाजू घेणाऱ्यांनी, 'शर्करावगुंठित गोळी'ची उपमा दिली: विचार कडू, म्हणून तो गाण्यात घोळवून द्यायचा. मला ही बाजू घेणारी उपमा जास्त घातक वाटते. तिच्यात असं गृहीत धरलेलं आहे की विचार कुठेतरी आधीच तयार होऊन पडला आहे, कलापथकाने तो फक्त गावात नेऊन टाकायचा आहे. गाणारी पोरं म्हणजे पोस्टमन. त्या पोरांचं काय झालं, ती तालमीआधी कोण होती आणि नंतर कोण झाली, हा प्रश्नच त्यात उरत नाही.

जलशापासून सुरुवात करू. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. तमाशाचा क्रम ठरलेला असतो: गण, गवळण, बतावणी, मग वग. गणात गणपतीला वंदन, गवळणीत मथुरेला निघालेल्या गवळणींची कृष्ण आणि पेंद्याने केलेली थट्टा, बतावणीत दोघांचा हजरजबाबी संवाद, आणि वगात एखादं सलग कथानक. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात झाली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्याचे जलसे गावोगाव फिरले, ते हाच सांगाडा घेऊन. सांगाडा तोच, आत भटजी, सावकार, कुलकर्णी यांच्याशी भांडण. शर्मिला रेगे यांनी सत्यशोधक जलसे आणि गणेशोत्सवातले मेळे शेजारी ठेवून जो अभ्यास केला, त्यातून एक गोष्ट नीट कळते. गाण्या-नाचण्याचं हे मैदान कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं, त्यावरच भांडण चालू होतं. पुण्यात जेधे-जवळकरांनी छत्रपती मेळा काढला तो याच भांडणात उतरण्यासाठी.

आंबेडकरी जलसे आले ते १९३० नंतर. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढची पाच वर्षं चालला. त्याच जिल्ह्यात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३१ च्या सुमारास आपला जलसा उभा केला. कर्डकांनी नंतर 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिलं. आपल्या दहा सभांच्या तोडीचा कर्डकांचा एक जलसा असतो, अशा अर्थाचा बाबासाहेबांचा एक उद्गार नेहमी सांगितला जातो. तो सांगताना सगळ्यांच्या मनात प्रेक्षकांवरचा परिणाम असतो. मी तो अलीकडे वेगळा वाचते. सभेत एक जण बोलतो आणि हजार जण ऐकतात. जलशात तेच हजार ऐकतात, पण बोलायला दहा जण शिकतात. ते दहा जण जलसा संपल्यावर आपापल्या गावी परततात.

शिकतात म्हणजे काय, हे पाहायचं तर बतावणीकडे जायला हवं. बतावणीत एक शहाणा असतो आणि एक खुळा. खुळा विचारतो, शहाणा उत्तर देतो, खुळा उत्तराचा भलताच अर्थ काढतो, लोक हसतात, शहाण्याला पुन्हा सांगावं लागतं. वरवर साधा खेळ. पण खुळ्याचं काम करणाऱ्या पोराला गावाच्या मनातली प्रत्येक शंका ठाऊक असावी लागते. मेलेलं जनावर ओढायचं सोडलं तर खायचं काय? देवळात जाऊन पोट भरतं का? पोरगी शिकली तर तिला करून घेणार कोण? हे प्रश्न चळवळीच्या विरोधकांचे नव्हते, चळवळीत यायला बिचकणाऱ्यांचे होते. ते चेष्टेवारी न नेता, आणि तरीही हसवत, विचारता येणं हे मोठं कसब आहे. शहाण्याची कसोटी आणखी वेगळी. त्याला उत्तर तीन वाक्यांत द्यावं लागतं. चौथ्या वाक्याला लोक विडी पेटवायला उठतात.

आणि भूमिका फिरत असतात. आज सावकार झालेला उद्या कुळ होतो. सावकाराचं काम नीट करायचं तर त्याचा युक्तिवाद आतून कळावा लागतो: तो कुठे गोड बोलतो, कुठे कागद पुढे करतो, कुठे आवाज चढवतो. पुस्तकातला वर्गशत्रू सावकाराच्या कोटात उभा करून चालत नाही, लोक लगेच ओळखतात की हा सावकार नव्हे. पुढे खऱ्या सावकाराच्या ओसरीवर जायची वेळ आली की हा पोरगा त्याचं पुढचं वाक्य आधीच ओळखतो.

छापलेली बतावणी मात्र वाचायला सपाट वाटते. मलाही वाटली, आणि ते मी वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलंही. खरं तर तिच्यात मुद्दाम जागा सोडलेल्या असतात: गावच्या पाटलाचं नाव घालायला, काल झालेल्या भांडणाचा उल्लेख करायला, मध्येच उठलेल्या म्हाताऱ्याला उत्तर द्यायला. या जागा म्हणजे शिकणाऱ्यांसाठी ठेवलेली मोकळी पाटी. कवितेतल्या मौनाविषयी आम्ही पानंच्या पानं लिहिली. या मौनाकडे पाहायला आम्हाला फुरसत झाली नाही.

जलशाचं कौतुक करताना एक हिशेब मात्र चुकवता येत नाही. जलशांनी लावणी वगळली, नाचीला रजा दिली. सुधारणेच्या भाषेत हे योग्यच मानलं गेलं, आणि त्यामागची वेदना समजण्यासारखी आहे. तमाशातल्या शृंगाराची किंमत कुठल्या जातीच्या बायकांनी मोजली हे त्या माणसांना घरच्या अनुभवाने ठाऊक होतं. पण लावणी गेली तशी ती गाणारी बाईही मंचावरून गेली. बाईचं काम पोरगे करू लागले. म्हणजे ज्या शाळेत बोलायला शिकवत होते, तिथे मुलींसाठी बाकच उरला नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधून त्यांना बोलतं केलं. ते वाचताना दिसतं की या बायकांची शाळा वेगळी भरत होती: परिषदांत, महिला मंडळांत, एकमेकींच्या घरी. २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेला हजारो बायका जमल्या. त्या एका दिवसात बोलायला शिकल्या नव्हत्या.

लाल बावटा कलापथक १९४४ चं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर ही तीन नावं सगळ्यांना पाठ आहेत. अण्णा भाऊंविषयी इतकं लिहिलं गेलं आहे की मी फक्त एक गोष्ट नोंदवते. त्यांनी गणातून गणपतीला हलवलं आणि तिथे मायभूमीला, शिवरायांना वंदन आणलं. समीक्षेत हा आशयातला बदल म्हणून नोंदला जातो. पण गण ही तालमीतली पहिली गोष्ट असते. नवा आलेला पोरगा आधी गणाची झील शिकतो. त्याला पहिल्याच दिवशी कळतं की जुनी चाल मोडायची नाही आणि तरीही तिच्यात बसलेला देव उठवता येतो. हा धडा त्याला कुठल्याही अभ्यासवर्गात इतक्या झटपट मिळाला नसता.

हे सगळं गिरणगावात घडलं, यालाही कारण आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' या पुस्तकात गिरणगावातल्या माणसांनी आपला काळ स्वतः सांगितला आहे. राजकारण वाचायला म्हणून ते उघडलं तरी हाताला भजनी मंडळं, नाटकं, खेळ, सण लागत राहतात. पाळी संपवून आलेला कामगार जिथे भजनाला बसायचा तिथेच संपाचा निरोप पोचायचा. भजनातही झील असते. टाळ कुणी आणायचे, कंदिलात तेल कुणी घालायचं, परगावचा बुवा आला तर त्याची झोपायची सोय कुणाकडे, हे ज्याने दहा वर्षं सांभाळलं त्याला संपकाळात धान्य वाटायला वेगळं शिकवावं लागत नाही. कम्युनिस्ट पक्षाच्या पुढाऱ्यांना हे कळत होतं की नाही, याविषयी मला शंका आहे. पक्षाला पथक हवं असायचं ते सभेआधी गर्दी जमवायला. शाहिराने तासभर लोक धरून ठेवायचे, मग वक्ते येणार. अण्णा भाऊंच्या वगांत जे राजकारण आहे ते त्यानंतरच्या भाषणांपेक्षा पुष्कळदा जास्त बारीक आहे, पण मंचावरचा क्रम तसाच राहिला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ही चाळीतली शाळाही विस्कटत गेली. गिरण्या गेल्याचा हिशेब निघाला, तालमीच्या खोल्या गेल्याचा निघाला नाही.

आता बायकांकडे. १९७२ चा दुष्काळ, तेल-साखर-रॉकेलचे भाव, आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर जणींनी उभं केलेलं महागाईविरोधी आंदोलन. लाटणं मोर्चा हा शब्द तेव्हापासून मराठीत राहिला. लाटणी हातात घेतलेल्या बायका, वाजणाऱ्या थाळ्या. वर्तमानपत्रांना ते फोटोसाठी झकास होतं आणि तसंच ते छापलं गेलं, थोडं हसून. मी त्या निवडीकडे वेगळ्या नजरेने पाहते. फलक धरायला शिकावं लागतं, घोषणा द्यायची लाज मोडावी लागते. लाटणं धरायला कुणाला शिकवावं लागत नाही. ज्या बाईने आयुष्यात कधी रस्त्यात आवाज केला नाही, तिला थाळीवर लाटणं आपटताना हसू येतं, आणि हसता हसता ती रस्त्याच्या मध्यावर आलेली असते. तिथून पुढे तिला घोषणा अवघड जात नाही. ज्याने कुणी हे सुचवलं, त्या बाईला शिकवणं म्हणजे काय ते पक्कं कळलेलं होतं.

ज्योती म्हापसेकर यांचं 'मुलगी झाली हो' १९८३ चं. स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्याच त्यात काम करत, व्यावसायिक नट्या नव्हत्या. लोकसंगीताच्या चाली, भरपूर गाणी, नेपथ्य जवळजवळ नाहीच. महाराष्ट्रभर त्याचे इतके प्रयोग झाले की ते कुणाचं नाटक आहे हे विसरून गावोगावच्या मुलींनी ते आपलं म्हणून केलं. आमच्या कॉलेजातल्या मुलींनीही केलं. मला त्यात नाव असलेलं काम मिळालं नाही. मी घोळक्यात होते, म्हणजे झीलच धरत होते, असं आता म्हणता येईल.

साहित्यकृती म्हणून या नाटकाविषयीचं माझं मत पूर्वी होतं तेच आहे, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. छापील संहितेत पात्रं ठसठशीत नाहीत, प्रसंग ओळखीचे आहेत, विनोद कुठे कुठे ढोबळ आहे. हे आक्षेप खरे आहेत. पण या संहितेत कुठलीच भूमिका अशी नाही की जी एखाद्या घाबरलेल्या मुलीला झेपणार नाही, आणि कुठलीच जागा अशी नाही की जिथे ती एकटी उघडी पडेल. गडबडली तर मागून समूह ओळ उचलतो. सासू झालेली मुलगी पुढच्याच प्रसंगात घोळक्यात मिसळते, घोळक्यातली एखादी बाहेर येऊन नवरा होते. नवरा झालेल्या मुलीला मिशी नसते, फक्त उभं राहायची ढब बदलते, आणि सगळं मैदान हसायला लागतं. एखादी ढब उचलली की ती शिकलेली आहे, जन्मजात नाही, हे त्या मुलीला स्वतःच्या अंगात कळतं. पात्रं ठसठशीत असती तर ती पेलायला नट्या लागल्या असत्या. हे नाटक नट्यांसाठी लिहिलेलं नव्हतंच. आम्ही त्याला ज्या फुटपट्टीने मोजलं ती खुर्चीत बसून पाहणाऱ्याची होती.

हे सगळं भूतकाळातलं कौतुक वाटू नये म्हणून एक अलीकडची गोष्ट सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीच्या गावी, मराठवाड्यात, बायकांनी दारूचं दुकान बंद करायचं ठरवलं होतं. आपल्याकडे त्यासाठी बायकांच्या मतदानाची सोय आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला हवं असेल तर आडवीवर शिक्का. मेख अशी की झालेल्या मतांपैकी निम्मी मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. म्हणजे जी घरी राहिली किंवा ऊसतोडीला गेली तिचं मत न देताही उभ्या बाटलीला जातं.

मी तिथे छापील गाण्यांची पुस्तिका घेऊन गेले होते. बायकांनी दोन ओळी म्हटल्या, एकमेकींकडे पाहिलं आणि थांबल्या. मग त्यातल्या एकीने ओवी धरली, दळणाची नेहमीची, आणि दुसऱ्या ओळीत दुकानदाराचं नाव घातलं. दुसरीने पुढच्या ओवीत त्याच्या मोटारसायकलचा नंबर घातला. हसण्याने घर दणाणलं. पुस्तिका मी पिशवीत ठेवली.

नंतर खेळ सुरू झाला. सुचवला कुणी ते आठवत नाही, मी तर नक्कीच नाही. एकजण तहसीलदारसाहेब झाली, एक दुकानदार, एक त्याची आई, एक पोलीस. सह्यांची तपासणी करायला साहेब आले आहेत, असा प्रसंग. साहेब झालेली बाई साठीच्या पुढची होती, निरक्षर. तिने चष्मा मागून घेतला, कागद उलटा धरला आणि म्हणाली, "ही सही तुमचीच कशावरून?" ज्या बाईला विचारलं ती गप्प. साहेब म्हणाले, "नवऱ्याला विचारलंत का?" पुन्हा गप्प. तिसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाला उत्तर आलं, "साहेब, त्यानं पिताना मला विचारलं न्हाई." खऱ्या तपासणीच्या दिवशी खरा अधिकारी आला, त्याने जवळजवळ तेच विचारलं, आणि रांगेतल्या बायकांना हसू आवरेना. अधिकाऱ्याला वाटलं आपली चेष्टा चालली आहे. तसं पाहिलं तर ती आठवडाभर चाललेली होती.

मतदान झालं. बाटली आडवी झाली नाही. थोडक्यात राहिली, ऊसतोडीला गेलेल्या घरांइतकी. मी शहरात परतले ते मान खाली घालून. पुढच्या वर्षी विद्यार्थिनीचा फोन आला की त्याच बायका रेशनच्या दुकानात जाऊन साठ्याची वही मागत आहेत, आणि जायच्या आदल्या रात्री साहेब झालेली ती म्हातारी रेशनवाला झाली होती.

याउलट जे चाललं आहे तेही मी पाहिलं आहे. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला गेलं की भिंतीवर मोठे कागद, रंगीत खडू, गट पाडणं, सादरीकरण. दोन सत्रांच्या मध्ये दहा मिनिटं 'एनर्जायझर': सगळ्यांनी उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, एखादं गाणं हातवाऱ्यांसह म्हणायचं, मग परत बसून 'नेतृत्वगुण' या विषयाकडे वळायचं. आनंद इथेही आहे, पण तो चहासारखा, मधल्या सुट्टीतला. शिकण्याशी त्याची सोयरीक नाही. जेवणाच्या रांगेत एक आशाताई गटविकास अधिकाऱ्याची नक्कल करते, तेव्हा त्या दिवसाचं खरं सत्र होऊन जातं. पण ते कुठल्याच अहवालात येत नाही.

सरकारी कलापथकांचंही तसंच. योजना वरून येते, चाल लोकगीताची, ढोलकी उत्तम. गाणारे कलावंत पोटासाठी गातात, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण त्यांच्या बतावणीतला खुळा खरे प्रश्न विचारू शकत नाही. शौचालयाचं अनुदान कुठे अडलं, हे विचारणारा खुळा त्या संहितेत चालत नाही. खुळ्याचं तोंड बांधलं की शहाणाही काही शिकत नाही, आणि मग उरते ती शर्करावगुंठित गोळी. ती उपमा इथे मात्र अगदी चपखल बसते.

मराठीपुरतंच हे नाही, म्हणून एक उदाहरण बाहेरचं. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूरमध्ये 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना जन नाट्य मंचावर हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार मारला गेला आणि सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले. ४ जानेवारीला मंडळी त्याच जागी परतली आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पूर्ण केलं. मलयश्री हाश्मी त्यात होत्या. या घटनेविषयी आपण बोलतो ते धैर्याच्या भाषेत, आणि ते योग्यच आहे. पण तीन दिवसांत परत उभं राहायला धैर्याबरोबर आणखी काहीतरी लागतं. एकाची जागा रिकामी झाल्यावर त्याची वाक्यं कुणाला येतात, सुरुवात कुणी करायची, कुणाचा आवाज फुटला तर पुढची ओळ कुणी उचलायची, हे अंगात मुरलेलं असावं लागतं. हे शोकात शिकता येत नाही. ते आधी, हसत-खिदळत केलेल्या शेकडो तालमींत शिकून ठेवलेलं असतं.

असे गट आज नाहीत असं नाही. मराठीत तरुण मुलं-मुली डफ घेऊन उभी राहत आहेत, रॅप करत आहेत, त्यांच्याविषयी लिहिलंही जातं. लिहिणारे आम्हीच, म्हणून पुन्हा तेच: गाण्याचे शब्द, त्यातली प्रतिमा, त्यातला विद्रोह. तालीम कुठे होते, जागेचं भाडं कोण भरतं, मुलीला रात्री घरी कोण सोडतं, नवी आलेली मुलगी पहिल्या महिन्यात काय करते, हे आम्ही विचारत नाही. मोबाइलवर गाणं पोचतं ते एका गाणाऱ्याचं, चौकटीत एकच चेहरा मावतो. मागून ओळ उचलणारे त्या चौकटीबाहेर राहतात. मला भीती वाटते ती याची, की उद्या त्या चौकटीबाहेर खरंच कुणी उरणार नाही आणि आम्हाला फरक कळणार नाही.

त्या मराठवाड्यातल्या गावी मी एक वही ठेवली होती. परवा ती काढून पाहिली. दुकानदाराच्या ओव्या तिच्यात आहेत, सतरा. मोटारसायकलचा नंबरही आहे. पहिली ओवी जिने धरली तिचं नाव मी वर लिहून ठेवलं आहे, खाली रेघ मारून. झील कुणी धरली ते लिहिलेलं नाही.